सहा महिने बघू, म्हटलं होतं

प्रिय वन्सं,

हसू नकोस. पंचवीस वर्षांपूर्वी आईंनी मला सांगितलं होतं की नणंदेला वन्सं म्हणायचं, आणि वीस वर्षांची तू ते ऐकून हसत पलंगावर लोळली होतीस. तेव्हापासून चिडवायला म्हणून जे म्हणत आले, ते आज कागदावर लिहिताना भलतंच मानाचं वाटतंय. रोज फोनवर बोलतो तरी पत्राचं हे काय खूळ, असं तुला वाटेल. एक गोष्ट सांगायची आहे. ती फोनवर दोनदा तोंडापर्यंत आणून मी गिळली. एकदा बाबा शेजारी पॉलिशचं मशीन चालवत होते आणि एकदा तूच घाईत होतीस. मग ठरवलं, लिहावं. रविवारची सकाळ आहे, तुझा दादा अजून झोपलाय आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर चक्क ऊन आलंय. इथल्या लॅबमधले जुने फॉर्म आणलेत, त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय. मागे काय छापलंय ते वाचायच्या भानगडीत पडू नकोस, मलाही त्यातलं अर्धंच कळतं.

निघताना मी तुला म्हटलं होतं, सहा महिने बघू. मला हे शहर मानवलं तर राहीन, नाही मानवलं तर दादालाही घेऊन परत येईन. पाच वर्षं तो इथे, मी तिथे, वर्षातून तीन आठवडे भेट, असं किती दिवस रेटायचं. तू म्हणालीस, जा, मी बघते आपल्या कवळ्यांच्या लॅबचं आणि बाबांचं. दादाने फोनवर जी खोली दाखवली होती ती नेहमी एकाच कोपऱ्यातून दाखवायचा, आठवतंय? इथे आल्यावर कारण कळलं. बाकीच्या कोपऱ्यांत काहीच नव्हतं. एक ताट, एक कप, एक उशी. खुर्च्या दोन, पण दुसरीला दुकानाची चिठ्ठी अजून लटकत होती. माझ्यासाठी आदल्या दिवशी आणलेली. पाच वर्षं हा माणूस एका खुर्चीवर बसून एकटा जेवला. शीतगृहात फोर्कलिफ्ट चालवतो एवढं आपल्याला माहीत होतं. त्याचे कान बारा महिने सोललेले असतात, हे माहीत नव्हतं. घरी आला की अर्धा तास हीटरला पाठ लावून उभा राहतो, मग त्याला कंठ फुटतो. इथली भाषा त्याला पुढे, मागे, वर, खाली आणि थांब, एवढीच येते, कारण तिथे बोलायचं नसतंच, हात दाखवायचे आणि भोंगा वाजवायचा. मला वाटायचं तो इथे रमलाय. तुलाही तसंच वाटायचं. फोनवर 'मजेत' म्हणायचा ना.

मला काम मिळालं होतं ते त्यामानाने बरं, पण पहिले तीन महिने मी ते तुला रंगवून सांगितलं, हे आज कबूल करते. लॅब स्वच्छ आहे, यंत्रं अशी की बाबांनी पाहिली तर तिथेच अंथरूण टाकतील. अकरा टेबलं, अकरा दिवे, आणि प्रत्येकाच्या कानात काहीतरी वाजत असतं. माझ्याकडे मेणात दात बसवायचं काम. सकाळी डब्यांची चळत येते. डब्यात जबड्यांचे साचे आणि वर आकडे. दाताचा रंग आकड्यात, ओठाची उंची आकड्यात, माणूस कुठेच नाही. आपल्याकडे डॉक्टर पेशंटला सरळ जिना चढवून वर पाठवतात, तो स्टुलावर बसून सुनेपासून सांधेदुखीपर्यंत सगळं सांगतो, आणि बाबा त्याला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावतात. सहासष्ट, सदुसष्टला शीळ वाजली की कवळी पुन्हा मेणात. इथे मी तीन महिन्यांत दोनशेच्या वर जबडे केले आणि एकही तोंड पाहिलं नाही. शेजारच्या टेबलावर एक दाढीवाला बसतो. तो रोज सकाळी मला एकच वाक्य विचारायचा आणि मी हसून मान डोलवायची. महिनाभराने उलगडा झाला. तो विचारत होता, खिडकी उघडी ठेवू का. महिनाभर मी हो म्हणून कुडकुडत होते आणि त्याला वाटत होतं, या बाईला थंड हवेचं भारी वेड. भांडी घासायला म्हणून आणलेली बाटली केसांच्या शाम्पूची निघाली, हे तुला सांगितलंच आहे. हसण्यावारी नेलं, पण खरं सांगते, संध्याकाळी बसमध्ये बसले की आजूबाजूची सगळी माणसं बोलत असायची आणि मला वाटायचं, आपण काचेच्या बरणीत बसलोय. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, वीस वर्षं लोकांना नीट बोलता यावं म्हणून दात बसवत आली, तिला बसमध्ये 'जरा सरकता का' म्हणता येत नाही.

तेव्हा चौथ्या महिन्यात मी निकाल देऊन टाकला. आमच्या इमारतीत कपडे धुण्याची मशिनं तळघरात आहेत, प्रत्येकाची पाळी ठरलेली. आमची रविवारी सकाळी. आम्ही दोघं चादरीची घडी घालत होतो, दोन टोकं त्याच्याकडे, दोन माझ्याकडे, आणि मी म्हटलं, मला नाही जमत इथे, परत जाऊ या. त्याने आपली दोन्ही टोकं तोंडावर धरली. मला वाटलं त्याला वाईट वाटलं. जवळ जाऊन बघते तर हा हसत होता, आणि डोळे भरलेले. एवढंच विचारलं, कधी निघायचं? दुसऱ्या दिवशी जाऊन त्याने शीतगृहात राजीनामा दिला, आणि त्याच संध्याकाळी येत्या विसाची दोन तिकिटं काढली. तुला फोन केला तेव्हा तू ओरडून बाबांना सांगितलंस, आणि बाबा लगेच दादाचं कपाट रिकामं करायला उठले. ते सगळं मी इकडून ऐकलं. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली, हेही लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना मी त्या वेळी खोटं बोलत होते असं तुला वाटणार नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी एक डबा परत आला. तिसऱ्यांदा. कवळी आकड्यांप्रमाणे अगदी बरोबर होती, तरी पेशंटने परत पाठवली होती, आणि आकड्यांखाली डॉक्टरांनी हाताने एक ओळ लिहिली होती. दाढीवाल्याने ती वाचली आणि तोंडापुढे हात हलवून मला समजावलं, बोलता येत नाही. लॅबची मालकीण म्हणाली, त्याच मापाने पुन्हा कर. मी शब्दकोश घेऊन अर्धा तास बसले आणि एका चिठ्ठीवर लिहिलं, मला हा माणूस बोलताना ऐकायचा आहे. तिने चिठ्ठी वाचली, लाल पेनाने माझी एक चूक सुधारली आणि म्हणाली की आजवर इथल्या कोणी असं मागितलं नाही. मग तिने दवाखान्यात फोन लावला आणि मला तिकडे धाडलं.

तो पेशंट म्हणजे ऐंशीच्या पुढचा, धिप्पाड आणि लाजाळू म्हातारा. जन्मभर गोदामांवर पहारा केलेला. सोबत एक म्हातारी तपकिरी कुत्री, तिला डॉक्टरांनी बाहेर पॅसेजमध्ये बसवलं होतं. तिथल्या नर्सला माझ्याइतकंच मोडकं इंग्रजी येतं, तिच्याकडून सगळं कळलं. नवे दात बसल्यापासून हा हाक मारतो आणि कुत्री येत नाही. त्याच्याकडे परक्या माणसासारखी बघत बसते. घरात तिसरं कोणी नाही. नर्सला सांगताना हसू आलं. म्हातारा हसला नाही. आता माझी पंचाईत बघ. शीळ वाजत होती हे मला ऐकू येत होतं, पण शीळ नसती तर तो शब्द कसा वाजायला हवा, ते ठाऊक नव्हतं. आपल्याकडचं सदुसष्ट बिघडलं तर मी झोपेतून उठून सांगेन. त्या कुत्रीच्या नावात मात्र 'स' आणि 'श' यांच्या मधला कुठलातरी आवाज आहे, आपल्या बाराखडीत तो बसतच नाही. मी जुळवायचं कशाशी? आणि मग सुचलं की ते नाव नीट कसं वाजतं हे जिला पक्कं माहीत आहे ती बाहेर पॅसेजमध्ये बसली आहे. मी दार अर्धवट उघडं ठेवायला लावलं.

मेणाची नवी कवळी त्याच्या तोंडात बसवली आणि खूण केली, हाक मारा. त्याने मारली. कुत्री ढिम्म. कवळी काढून पुढच्या दातांमागचं, टाळूच्या बाजूचं मेण थोडं खरवडलं, हवेला वाट करून दिली, पुन्हा बसवली. कुत्रीने मान उचलली आणि परत पंजांवर ठेवली. पुढचे दोन दात केसभर आत घेतले तर शीळ गेली पण शब्द बोबडा झाला, आणि कुत्रीने जांभई दिली. चाळीस मिनिटं हे चाललं. डॉक्टर घड्याळाकडे बघायला लागले, बाकावरचे पुढचे पेशंट मात्र सरकून कुत्रीकडे बघत बसले होते. पहिल्या दिवशी नाही जमलं. मी कवळी घरी आणली, दादा हीटरपाशी उभा आणि मी टेबलाशी, आरशात बघून स्वतःच्या जिभेने तो आवाज शोधत बसले. दादा म्हणाला, तू सापासारखी का करतेयस. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. चौथ्यांदा बसवली, त्याने हाक मारली, आणि ती उठली. वय झालेलं, त्यामुळे मागचे पाय दोन हप्त्यांत उठले. नाकाने दार ढकलून आत आली आणि त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. आता हाक मारायची काही गरज नव्हती, तरी तो ते नाव पुन्हा पुन्हा घेत राहिला. त्याच्यामागून मीही घेतलं. नर्सने मान डोलवली, बरोबर आलं म्हणून. या भाषेतला मी नीट उच्चारलेला पहिला शब्द म्हणजे एका कुत्रीचं नाव आहे. त्या दिवशी मी बस सोडून दिली. चार थांबे चालत आले, दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत. बाळाची गाडी ढकलत येणारी एक बाई मला बघून पलीकडच्या फुटपाथवर गेली.

पुढे काय झालं ते तुला तुकड्यातुकड्याने माहीत आहे, पण मी ते गमती म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ सांगितला नाही. मी संध्याकाळच्या भाषेच्या वर्गात नाव घातलं. वर्गात सगळ्यात म्हातारी मीच. दुसऱ्या दवाखान्यांतून परत आलेले डबे मालकीण माझ्या टेबलावर ठेवायला लागली. मग तिने मला आत बोलावलं आणि रागावल्यासारख्या चेहऱ्याने विचारलं. ती सगळंच तशा चेहऱ्याने विचारते. दर गुरुवारी दवाखान्यात जाऊन अवघड पेशंट मीच बघायचे, आणि त्यासाठी दोन वर्षांचा करार. मी आठवड्याची मुदत मागितली. तो आठवडा मी रोज फोनवर तुझ्याशी सामानाच्या वजनाबद्दल बोलत होते. आणि मनात एकच चालू होतं, की मला जायचं नाही. घराची आठवण येत नाही असं अजिबात नाही. आपला जिना, बाबांचं खोकणं, तुझं चालत चालत खाणं, सगळं येतं डोळ्यांपुढे. पण तिथे मी या कामात चांगली आहे ती बाबांच्या हाताखाली. डॉक्टर अजूनही मला 'त्यांची सून' म्हणतात, आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही, आजही वाटत नाही. इथे मी कोणाचीच कोणी नाही. चार महिने मला त्याचीच भीती वाटत होती, आणि नंतर कधीतरी तेच आवडायला लागलं. एखादी गोष्ट अजिबात येत नव्हती आणि ती मला या वयात यायला लागली, हे सुख मी विसरून गेले होते. ते आत्ता कुठे हाताशी आलंय. विसाला सोडून निघाले तर जन्मभर चुटपुट लागेल, आणि ती मी दादावर नाहीतर तुझ्यावर काढीन. मी स्वतःला ओळखते.

मागच्या रविवारी दादाला सांगितलं. तो हीटरपाशी उभा होता. आधी म्हणाला, माझ्यासाठी राहणार असशील तर नको, मला इथली सवय झाली म्हणून तू कशाला राहायचंस. मी म्हटलं, तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी राहायचंय. मग मी म्हटलं, आणि तू माझ्यासाठी राहू नकोस. तेव्हा तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, मला ही थंडी सोसतच नाही गं. पाच वर्षांत पहिल्यांदा. आम्ही दुपारपर्यंत बोललो. एकदा भांडलोही, कारण आता राजीनामा दिल्यावर सांगतेस, असं तो म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. पण संध्याकाळी बाहेर चालायला गेलो तेव्हा त्यानेच ठरवून टाकलं. विसाला तो एकटा येतोय, वन्सं. मी येत नाहीये. सोमवारी सकाळी मी मालकिणीला हो सांगितलं आणि सही केली. पहिली दोन वर्षं इथे, मधे एकदा महिनाभर तिकडे येईन. आमचं काही बिनसलेलं नाही. पाच वर्षं तो परदेशी आणि मी घरी होते तेव्हा कोणी काही विचारलं नाही. आता मी परदेशी आणि तो घरी म्हटल्यावर सगळे विचारतील. विचारू देत. आपल्या लेकाला मी हॉस्टेलवर फोन करून सांगितलंय. तो म्हणाला, मग सुट्टीत मी कुत्रीला भेटायला येऊ का.

एवढं तर फोनवरही सांगता आलं असतं. लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. चौदा वर्षांपूर्वी तुला त्या दंतमहाविद्यालयात शिकवायची नोकरी आली होती, दुसऱ्या गावी. आई नुकत्याच गेल्या होत्या, लेक पाच वर्षांचा होता, लॅबमध्ये कामाचा ढीग. मी स्वयंपाकघरात तुला म्हटलं, एक वर्ष थांब ना. तू 'बरं' म्हणालीस आणि चहाचं आधण ठेवलंस. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस, आणि मीही काढू दिला नाही. त्याहून वाईट म्हणजे, नंतर जो कोणी विचारेल त्याला मी सांगत गेले की तिलाच जायचं नव्हतं. इतक्या वेळा सांगितलं की मलाच ते खरं वाटायला लागलं. मालकिणीने मला विचारलं आणि त्याच क्षणी मला हो म्हणावंसं वाटलं, तेव्हा लख्ख कळलं की तुला जायचं होतं. तेव्हा तू एकतीस वर्षांची होतीस. मी तुला थांबवलं, आणि आज कोणालाही न विचारता मी स्वतः राहतेय. त्याची माफी मागते. माफी मागून मी माझा निर्णय बदलत नाहीये, हेही स्पष्ट सांगते, कारण तुझ्याशी आता आडपडदा नको. दादा येतोय. बाबांचं तो बघेल, त्याला स्वयंपाक येतो, आणि उन्हात बसायला मिळालं तर तो काहीही करेल. दात त्याला बसवता येणार नाहीत, पण लॅबपायी आता तुला कोणी अडवणार नाही. कुठे जायचं, जायचं की राहायचं, ते तुझं तू ठरव. फोनवर मी हे बोलले असते तर तू पुन्हा एका श्वासात 'बरं' म्हणाली असतीस, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. तेव्हा आधी रागाव. चार दिवस, आठ दिवस, जितके लागतील तितके. माझा फोन उचलू नकोस. मग लिही. माझी सही होऊन गेलीय, तुझं उत्तर काहीही आलं तरी ती पुसली जाणार नाही. तरी मला ते हवंय, तुझ्या अक्षरात, आणि चांगलं लांबलचक.

तू रागावलेली असतानाही तुझीच,
वहिनी